प्रकल्प नोंदी: शिंपल्यांची चौकट, कोरी ढाल आणि मेनपर्यंतचं टपाल

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

सनद लिहायचं काम आलं. ईस्ट किंगडमच्या सिग्नेटबाईंची सकाळी ईमेल. सिग्नेट म्हणजे आम्हा लेखनिकांना कामं वाटून देणारं खातं. मजकूर दोन ओळींचा: अवॉर्ड ऑफ आर्म्स (ढालीवर स्वतःची निशाणी मिरवण्याचा मान), दरबार ३ मे, ठिकाण मेन राज्यात, पोचायची शेवटची तारीख २८ एप्रिल. मी राहते न्यू जर्सीत. गाडीने जायचं म्हटलं तर एक अख्खा दिवस स्टिअरिंगवर, म्हणजे जाणं नाहीच. कागद टपालाने जाणार.

घरी अजूनही मला विचारतात की हे नक्की काय आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम ही मंडळी सतराव्या शतकाच्या आधीचं जग पुन्हा जगून बघतात. १ मे १९६६ला कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका परसात पार्टी झाली, तिथून सुरुवात. आता त्यांची ‘राज्यं’ आहेत, आमचं ईस्ट किंगडम त्यांतलं एक. राजा ठरतो तो वेताच्या तलवारींच्या लढतीत, आणि राज्य चालतं साधारण सहा महिने. राजा-राणी दरबारात मानकऱ्यांना बोलावतात, भाट मोठ्याने सनद वाचतो, आणि ती हाताने लिहिलेली, रंगवलेली सनद मानकऱ्याच्या हातात देतात. तिला म्हणतात स्क्रोल. गंमत अशी की स्क्रोल म्हणत असले तरी ते गुंडाळत कोणी नाही. सपाट कागद असतो, बहुतेक वेळा ११ बाय १४ इंचांचा, कारण त्या मापाची चौकट दुकानात तयार मिळते.

हे मला शिकायला एक अख्खं स्क्रोल घालवावं लागलं. दोन वर्षांपूर्वी मी खरंच गुंडाळून नळकांड्यातून पाठवलं होतं. उलगडलं तेव्हा सोन्याचा ‘पी’ तीन तुकड्यांत होता. गेल्या वर्षी शहाणी झाले, सपाट लिफाफ्यातून पाठवलं, वर लाल अक्षरात ‘वाकवू नये’ असं लिहिलं. त्या कुरिअरवाल्याने ते पत्रपेटीत बसेना म्हणून बरोबर मधोमध वाकवलं आणि बसवलं. लाल अक्षरांची घडी फार सुबक आली होती.

म्हणून ह्या खेपेला उलट्या टोकापासून सुरुवात करायची. आधी पार्सल ठरवायचं. त्या पार्सलमध्ये जे टिकेल तेवढंच कागदावर करायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मानकरीण कोण ते कळलं. नाव इथे लिहीत नाही, मान जाहीर होईपर्यंत गुपित असतो. तिचं सोसायटीतलं पात्र पंधराव्या शतकातलं, डच. काम स्वयंपाकघरातलं: शंभरेक माणसांच्या पंगती ती वर्षानुवर्षं काढते आहे, आणि तिची ख्याती आहे लेंटमधल्या मत्स्यभोजनाची. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. मांस, अंडी, दूध बंद, मासे चालतात. दुधाच्या जागी बदामाचं दूध.

आईला व्हिडिओवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “उपासाला मासे? मग आपण काय गो उगाच साबुदाणा खात बसलो?”

नमुन्यासाठी फार शोधावं लागलं नाही. कॅथरीन ऑफ क्लीव्ह्ज हिचं प्रार्थनापुस्तक, युट्रेख्टचं, साधारण १४४०चं. ते न्यू यॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. एकोणिसाव्या शतकात एका व्यापाऱ्याने त्याची पानं उसवून एकाची दोन पुस्तकं केली होती. आज दोन्ही मॉर्गनकडेच आहेत. त्यातला चितारी संतांच्या चित्रांपेक्षा भोवतालच्या चौकटींत जास्त रमलाय, असं माझं मत. कुठे पिंजरे, कुठे बिस्किटं आणि प्रेट्झेल, आणि संत अँब्रोजच्या पानाभोवती चक्क उघडे शिंपले आणि एक खेकडा. गोव्यात ह्यांना शिनाणे म्हणतात, आमच्या रत्नागिरीकडे काकई. काळी-निळी पाठ, आतून मोतिया, आणि मध्ये ते केशरी मांस. माझ्या ओळखीचं ताट सहाशे वर्षांपूर्वीच्या पानावर! मासे रांधणारीसाठी ह्याहून योग्य चौकट कोणती?

संत काढायचा नाही, जागा मजकुराला. वर डावीकडे मोठं सोनेरी आद्याक्षर. खाली ढाल, पण कोरी: तिची निशाणी अजून नोंदलेली नाही. नोंद झाली की कोणीतरी ती ढालीत रंगवून देईल.

१ मार्च, शनिवार

साहित्य. हा भाग पार्सलच्या हिशेबाने ठरवला, म्हणून सविस्तर.

कागद. दोन उमेदवार. एक म्हणजे गुळगुळीत दाबाचा जलरंगाचा कागद: रंग छान घेतो, ओला झाला तरी फार कुरकुर करत नाही, पण चूक खरवडली की तंतू वर येतात आणि त्यावर शाई फुटते. दुसरा पर्गामेनाता, चर्मपत्रासारखा दिसणारा इटालियन कागद. जाड घेतला तर बऱ्यापैकी ताठ, खरवडायला उत्तम, पण पाण्याचं वाकडं: थोडा ओला झाला की फुगतो. हवेतल्या दमटपणानेही हलतो, तरी खऱ्या वासराच्या कातड्याएवढा नाही. मी पर्गामेनाता घेतला, कारण माझ्या हातून चूक होतेच. रंग कोरड्या कुंचल्याने लावायचा.

सोनं. इथे मन घट्ट करावं लागलं. खरी मजा गेसोवर असते, म्हणजे प्लास्टर, शिसं, साखर आणि सरस ह्यांचा उंचवटा करून त्यावर वर्ख चढवतात. प्रकाश पडला की अक्षर फुगीर, ओतीव दिसतं. पण कागद वाकला की पहिला तडा ह्यालाच जातो. माझा तो तीन तुकड्यांतला ‘पी’ गेसोचाच होता. शिवाय जेवणाच्या टेबलावर शिसं नको. तेव्हा गेसो बाद. आद्याक्षराला गम अमोनियॅक ह्या झाडाच्या चिकावर सपाट वर्ख, बारीक ठिपक्यांना शेल गोल्ड, म्हणजे डिंकात खललेली सोन्याची पूड. ती शिंपल्यात ठेवत, म्हणून शेल. सगळ्यात सोशीक हीच.

रंग. गुआश, आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा श्रीमंत भाऊ. जाड लावला तर तडकतो आणि घासला की उठतो. पातळ दोन थर, बस.

चार चौकोन रंगवून पाहिले: जाड गुआश, पातळ गुआश, वर्ख, शेल गोल्ड. वाळल्यावर पट्टी गुडघ्यावर वाकवली. जाड निळ्याला लगेच भेग. वर्खावर केसाएवढी सुरकुती. बाकी दोघे ढिम्म.

९ मार्च, रविवार

आज इथली घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणून सकाळ कुठे गेली ते कळलं नाही. मजकूर लिहिला.

सनदेत काय हवं ते ठरलेलं: कोण देतंय, कोणाला, कशासाठी, काय, कुठे, कधी, आणि राजा-राणीच्या सह्यांना जागा. बाकी रचना लेखनिकाची. मी इंग्रजीत लिहिते, पण कानात असतं ते आपल्याकडच्या जुन्या पत्रांचं वळण. ‘सर्वांस विदित व्हावे’ने सुरुवात आणि ‘बहुत काय लिहिणे’ने शेवट; दोन्ही माझ्या इंग्रजी सनदेत वेष पालटून आली आहेत. भाट मोठ्याने वाचणार, म्हणून एकेक वाक्य एका दमात संपलं पाहिजे. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचलं. ‘बदामाच्या दुधात शिजवलेल्या’पाशी दोनदा अडखळले. ते वाक्य तोडलं.

एक गोष्ट मला फार आवडते. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की तिथेच मोर्तब येते, ‘मर्यादेयं विराजते’. मर्यादा इथे संपली. आता खाली कोणी चार शब्द घुसडू नयेत. गॉथिक हस्तलिखितांतही ओळ अर्धीच भरली तर उरलेली जागा रंगीत पट्टीने किंवा वेलबुट्टीने भरून टाकतात. तिथला हेतू मुख्यतः शोभेचा, पान भरगच्च दिसावं हा. पण माझ्या शेवटच्या ओळीतल्या पट्टीला मी मनातल्या मनात मोर्तबच म्हणते.

एकूण ९० शब्द. एक मिलिमीटरचा निब, अक्षराची उंची निबाच्या पाचपट, दोन ओळींत एक सेंटिमीटर. तेरा ओळी बसतात.

१५ मार्च, शनिवार

लेखन. सकाळी नऊ ते दीड, मध्ये दोनदा चहा, टेबलापासून लांब.

लिपी टेक्स्चुरा, म्हणजे गॉथिक हस्तलिखितांतली उभ्या खांबांसारखी अक्षरं. ही शिकताना मला सगळ्यात जड गेलं ते हाताचं वळण विसरणं. शाळेत आम्हाला बोरूने सुलेखन होतं. देवनागरीच्या बोरूचं टोक ज्या बाजूला तिरकं कापतात, त्याच्या बरोबर उलट तिरपेपणा रोमन अक्षरांना लागतो. जिथे माझा हात जाड रेघ मागतो, तिथे इथे बारीक हवी. पहिलं वर्षभर माझे ‘ओ’ पडक्या मडक्यासारखे यायचे. आजोबा मोडी लिहीत. तिथे आधी पानभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगायची, हात शक्यतो उचलायचा नाही. टेक्स्चुरात अक्षरं रेघेवर बसवायची आणि प्रत्येक फटकाऱ्याला हात उचलायचा. ‘मिनिमम’ हा शब्द लिहिला तर पंधरा सारखे उभे खांब एका ओळीत. वाचणाऱ्याला कळावं म्हणून ‘आय’वर चिन्ह करायची पद्धत ह्याच गोंधळातून पडली.

शाई लोह-पित्ताची. नाव भयंकर, वस्तू घरची. ओकच्या झाडावरच्या गाठी, हिराकस आणि डिंक. आणि त्या गाठी म्हणजे आपलं मायफळ! बाळगुटीत जे सहाणेवर दोन वळसे उगाळतात, तेच. युरोपातल्या मठांत त्याने पोथ्या लिहिल्या आणि रत्नागिरीत आम्हाला ते चाटवलं. कागदावर उतरताना ही शाई फिकट राखाडी दिसते. एक शब्द लिहून पुढच्या शब्दाला गेलं की मागचा हळूहळू काळा पडत येतो, कोणीतरी मागून दिवे मालवत यावं तसा. कागदात ती मुरते, वर बसून राहत नाही, म्हणून टपालात सुटत नाही. तोटा हाच की मुरलेली चूक काढायला जास्त खरवडावं लागतं. आणि निब लगेच धुवायचा, नाहीतर गंजतो.

तेरा ओळी झाल्या. सातव्या ओळीत एक ‘ई’ किंचित उजवीकडे कलला आहे. राहू दे.

२३ मार्च, रविवार

सोनं.

गम अमोनियॅक हा इराणकडच्या एका झुडपाचा चीक. झुडूप हिंगाच्याच कुळातलं, आणि डबी उघडली की नातं लपत नाही. लेकीने दारातूनच विचारलं, “आई, फोडणी जळली का?”

आद्याक्षरावर हा चीक दोन हात लावून रात्रभर वाळू दिला. आता कृती अशी. कागदाची बोटभर जाडीची नळी करायची. ती अक्षराच्या जवळ धरून आत ‘हाऽ’ असा गरम श्वास सोडायचा, चष्मा पुसताना सोडतो तसा. फुंकर नव्हे, फुंकर गार असते. श्वासातल्या दमटपणाने चीक क्षणभर चिकट होतो. दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात वर्ख वर ठेवून ग्लासीनच्या, म्हणजे एका गुळगुळीत कागदाच्या, आडून बोट फिरवायचं. पुन्हा श्वास, पुन्हा वर्ख. मिठाईवरचा चांदीचा वर्ख ज्याने हाताळला आहे त्याला अंदाज येईल, फक्त हा तेवीस कॅरटचा आहे आणि नाकातून निघालेल्या नेहमीच्या श्वासानेही उडतो. म्हणून तोंडावर रुमाल, खिडक्या बंद, हीटर बंद. अर्ध्या तासात मी गारठले.

मग मऊ कुंचल्याने कडेचा जास्तीचा वर्ख झाडला. अक्षराच्या पोटात एका जागी सोनं धरलं नव्हतं, तिळाएवढं. तिथे पुन्हा ‘हाऽ’. शेवटी ग्लासीन ठेवून अकीकाच्या घोटणीने हलकेच घोटलं. खिडकीतलं ऊन त्यात सरळ दिसायला लागलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. काम नाही. गुढीच्या काठीला लावलेला रेशमी धागा मात्र टेबलावरच राहिला आणि वर्खाच्या चुऱ्यात लोळून सोनेरी झाला. तसाच बांधला.

६ एप्रिल, रविवार

शिंपले संपले. एकूण बावीस. पाठीला इंडिगोत थोडा काळा, कडेला वाढीच्या रेषा पांढुरक्या, आतून राखाडी-जांभळ्याचा एकच पातळ हात. पर्गामेनाता कुंचल्यातलं पाणी बघून घाबरतो, म्हणून कुंचला दर वेळी फडक्यावर टेकवून मगच कागदावर. एका कोपऱ्यात घाई केली तिथे कागद फुगला. पुठ्ठ्याखाली दोन दिवस दाबून ठेवल्यावर बसला, पूर्ण नाही.

खेकडा मात्र मी मॉर्गनच्या पानावरचा घेतला नाही. आमच्या खाडीतला काढला, नांग्या जरा उगारलेल्या. ढाल त्याच्या वर, कोरी.

१२ एप्रिल, शनिवार

काम संपल्याचा फोटो पाठवला. तासाभरात सिग्नेटबाईंचं उत्तर: फारच सुंदर, पण वर्ष एकदा बघाल का?

बघितलं. पोटात गोळा. सोसायटीचं स्वतःचं वर्ष असतं, ते १ मेपासून बदलतं. १९६६ हे पहिलं. मी मार्चमध्ये लिहीत होते, तेव्हा एकोणसाठावं चालू होतं, हात आपोआप ‘एलआयएक्स’ लिहून गेला. दरबार आहे ३ मेला. तोवर साठ लागलेलं असेल.

मग हसू आलं. रोमन आकड्यांत एकोणसाठाचे साठ करायला काही लिहावंच लागत नाही. मधला ‘आय’ काढला की झालं. नशिबाने टेक्स्चुरातला ‘आय’ म्हणजे एक खांब.

गोल पात्याचा स्काल्पेल घेतला. पातं कागदाला जवळजवळ समांतर, आणि खरवडणं म्हणजे ओढणं नाही, नुसतं पिसासारखं वरून नेणं. पहिल्या दहा वेळा काहीच होत नाही. मग काळ्याचा तपकिरी होतो, तपकिरीचा चहाचा डाग, आणि मग तो खड्ड्यात गेल्यासारखा नाहीसा होतो. वीस मिनिटं लागली एका खांबाला. भुकटी कुंचल्याने झाडली, जागा अकीकाने घोटली. मध्ये जी फट राहिली ती ‘एक्स’चा डावा पाय थोडा लांबवून भरली. समोरून बघितलं तर काही कळत नाही. दिव्याखाली तिरपं धरलं की तिथे कागद किंचित मऊ दिसतो. मला तो आता कायम दिसणार.

जलरंगाच्या कागदावर हे जमलं नसतं. १ मार्चच्या निर्णयाबद्दल स्वतःची पाठ थोपटली.

१९ एप्रिल, शनिवार

पार्सलची चाचणी. आधी खोटं पार्सल, आत एक बिघडलेला जुना कागद.

नालीदार खोक्याचे दोन पुठ्ठे, १३ बाय १६ इंचांचे. दोन्हींच्या नाल्या एकाच दिशेला ठेवल्या तर नालीच्या रेषेत पार्सल पुस्तकासारखं मिटतं. मी गुडघ्यावर धरून सहज मिटवलं. मग एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या केल्या. नवऱ्याला म्हटलं, वाकव. तो म्हणाला, “खरंच वाकवू?” मी म्हटलं पूर्ण राग काढ. वाकलं, पण मिटलं नाही. त्यात तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड घातल्यावर मात्र त्याने हात टेकले. हार्डबोर्ड जड आहे, टपालखर्च वाढतो. वाढू दे.

त्यानंतर लेकीने ते ओट्याच्या उंचीवरून सहा वेळा टाकलं, प्रत्येक कोपऱ्यावर एकदा आणि उरलेल्या दोन वेळा हौसेने. कोपरे चेपले, पण कागद आतल्या बाजूला दोन बोटं जागा सोडून बसवलेला असल्याने त्याच्यापर्यंत काही गेलं नाही. ही जागा महत्त्वाची आहे. पुठ्ठा आणि कागद एकाच मापाचे असले की पुठ्ठ्याच्या कोपऱ्याचं दुखणं थेट कागदाला होतं.

आता खरं पार्सल, आतून बाहेर असं:

स्क्रोलवर ग्लासीन. हा बटर पेपरच्या जातीचा, गुळगुळीत, रंगाला चिकटत नाही. प्लॅस्टिक थेट रंगावर कधीच ठेवायचं नाही. गाडीत गरम झालं की आत घाम धरतं आणि गुआश त्याला चिकटून येतो. स्क्रोलला चिकटपट्टी कुठेही लावायची नाही. आम्लरहित कागदाचे चार त्रिकोणी खिसे करून ते पुठ्ठ्याला चिकटवले आणि स्क्रोलचे कोपरे त्यात सरकवले, जुन्या अल्बममध्ये फोटो असायचे तसे. त्यामुळे कागदाला श्वास घ्यायला थोडी हालचालही राहते. वर दुसरा पुठ्ठा, मागे हार्डबोर्ड, चारही बाजूंनी टेप. मग हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसासाठी. पिशवीत एक कागद: कोणाकडून, कोणाला, फोन. वरचं लेबल फाटलं तर आतलं बोलेल. आणि आणखी एक चिठ्ठी, कारण समोरचा माणूस उघडताना काय करेल सांगता येत नाही: ‘टेप इथून कापा. सुरी आत खुपसू नका. सह्या होईपर्यंत ग्लासीन काढू नका. सह्यांची जागा कोरडी आहे, शाई पसरणार नाही.’

सगळ्यात बाहेर खोकं, भोवती चुरगाळलेला कागद. खोकं हलवून ऐकलं. आतून आवाज नाही.

‘वाकवू नये’ ह्या वेळी लिहिलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

मुद्दाम सोमवार. शुक्रवारी टाकलं तर शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात पडून राहतं, आणि दमटपणाला तेवढी फुरसत कशाला द्या?

पोस्टाच्या खिडकीवर नेहमीचा प्रश्न: किंमत किती लिहू? प्रायॉरिटी मेलमध्ये १०० डॉलरपर्यंतचा विमा आपसूक असतो. साहित्य तिसाच्या आसपास. आणि माझे एक्केचाळीस तास? ते कुठल्या रकान्यात लिहायचे? मागे रांग होती. साठ डॉलर म्हटलं आणि सही घेऊनच द्या असं सांगितलं, म्हणजे पत्रपेटीत कोंबण्याचा प्रश्न येत नाही. पावतीचा फोटो काढला. बाहेर आल्यावर हात उगाचच हलके वाटले.

२५ एप्रिल, शुक्रवार

पोचलं. सिग्नेटबाईंनी फोटो पाठवला: खोक्याचा एक कोपरा आत गेलेला, टायरची असावी अशी खूण, आणि आत सगळं जसंच्या तसं. खाली त्यांनी विचारलंय, हे पुठ्ठे परत हवेत का?

हवेत.

४ मे, रविवार

दरबार काल झाला. मी इथे भाजी निवडत होते. एका ओळखीच्या लढवय्याने पाठवलेला फोटो हलला आहे: मधे गुडघ्यावर बसलेली एक बाई, पीठ लागलेला एप्रन तसाच, तिला थेट स्वयंपाकघरातून उचलून आणली असणार. हातात माझा कागद. शिंपले दिसत नाहीत, खेकडाही नाही. आद्याक्षराच्या जागी नुसता एक पांढरा झोत, कॅमेऱ्याचा प्रकाश सोन्यावर आपटल्याचा.

आईला फोटो पाठवला. तिने मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “अगो, हिने ताटातलं जेवण सोडून येऊन घेतलंन वाटतं.”

११ मे, रविवार

पुठ्ठे परत आले, हार्डबोर्डसकट. कोपऱ्यातले कागदी खिसे कोणीतरी जपून, न फाडता ठेवलेत. पुन्हा वापरता येतील. त्यांच्याबरोबर एक बदामाच्या बिस्किटांची पुडी, आणि नवीन कामाची चिठ्ठी.

हे पेन्सिकला द्यायचं आहे. १९७२ला सुरू झालेलं, आता पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळच्या कॅम्पग्राउंडवर भरणारं ते सोसायटीचं मोठं लुटुपुटीचं युद्ध. जुलैअखेर सुरू होतं आणि ऑगस्टात संपतं. हजारो माणसं, तंबू, चिखल, आणि दरबारापर्यंत स्क्रोल राहणार तंबूतल्या पेटीत. ऑगस्टच्या दमट हवेत गम अमोनियॅक आपला आपणच चिकट होईल आणि ग्लासीनला धरून बसेल. तेव्हा वर्ख नाही. नुसतं शेल गोल्ड, आणि कागद ह्या वेळी जलरंगाचा.

वर्ष आधी पेन्सिलने लिहिलं आहे: साठ.